सासूचं शिखर

सुनीता शेवाळेचं मी कधी वाईट चिंतलं नाही. ती आमच्या इमारतीत राहायला आली नसती तर बरं झालं असतं, एवढंच मला वाटायचं, आणि ती इथे होती ती चार वर्षं मी हे कुणाला दाखवलं नाही. प्रसन्नला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तेवढं कळलं होतं. तो म्हणायचा, "यामिनी, तू तिच्यावर जळतेस." मी म्हणायचे, "जळण्यासारखं आहे काय तिच्याकडे?" आता सांगायला हरकत नाही. होतं.

सुनीता कराडची. लग्नाआधी साड्यांना फॉल-पिको करायची, लग्नानंतरही तेच. नवरा विश्वजित सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. दोन हजार तीन साली, ज्या लाटेत अर्धं पुणं तोक्योला येऊन पडलं त्याच लाटेत, त्याच्या कंपनीने त्याला कावासाकीच्या प्रोजेक्टवर पाठवलं आणि घर दिलं ते तोक्योच्या एदोगावात, नेमकं आमच्या खालच्या मजल्यावर. तीन महिन्यांनी ही आली. दोन बॅगा, आणि त्यातल्या एकीत शिलाई मशीनचं हेड. विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग उघडायला लावली तेव्हा म्हणे हिने त्याला चाक हाताने फिरवून सुई कशी खालीवर होते ते दाखवलं, आणि त्याने वाकून नमस्कार करून सोडलं. ही गोष्ट इमारतीत सगळ्यांना पाठ होती. मलाही.

मूलबाळ नव्हतं. दर रविवारी संध्याकाळी कराडहून सासूबाईंचा फोन यायचा आणि त्यात दुसरा विषय नसायचा. फोन झाला की सुनीता उठून कुणाची तरी पँट आखूड करायला घ्यायची.

ती आली त्या आठवड्यात कचरा कसा वेगळा करायचा ते तिला मीच शिकवलं. जळणारा कोणत्या वारी, न जळणारा कोणत्या वारी, बाटल्यांची झाकणं कुठे. सगळं मराठीत लिहून फ्रिजवर लावून दिलं. तिसऱ्या दिवशी बघते तर बाई कचऱ्याच्या जागी उभी, आणि पिशवीतली एकेक वस्तू वर धरून ओकुबो-सानना विचारतेय, "मोएरु?" म्हणजे, जळतं का? ओकुबो-सान सत्तरीचे, रिटायर, आमच्या गल्लीच्या कचऱ्याचे आणि मुलांच्या मंडळाचे सर्वेसर्वा. माझा कचरा दोन वर्षं बिनचूक होता, तरी मला त्यांनी दोन वर्षांत फक्त मान हलवून दाखवली होती. हिच्यापुढे ते पोट धरून हसत होते. हिने तुटकी चप्पल वर धरली, मोएरु? केळ्याचं साल, मोएरु? मी ऑफिसला निघाले होते, तिथूनच गेले. जळणारं तिथे आणखीही कुणी होतं, ते तिला कसं कळावं.

महिन्याभरात ओकुबो-सान तिच्याकडे पँट्स घेऊन यायला लागले. मग त्यांची बायको. मग समोरची फुलवाली. शंभर शब्दांचं जपानी, त्यातली निम्मी क्रियापदं चुकीची, पण स्टेशनपासून घरापर्यंत हिला दहा माणसं थांबवायची. मी जपानी भाषेची दुसरी लेव्हल पास झालेली. कावासाकीच्या ऑफिसात बँकेच्या सिस्टिमची दोन-दोनशे पानांची स्पेसिफिकेशन्स मी इंग्रजीत आणते. ऑफिसात कुठलं अक्षर अडलं तर जपानी माणसंसुद्धा "यामिनी-सानना विचारा" म्हणतात. वॉर्ड ऑफिसचं पत्र आलं की इमारतीतला प्रत्येक भारतीय माझ्या दारात. पत्र वाचून घ्यायला माझ्याकडे यायचे आणि चहा प्यायला खाली जायचे.

हे सगळं मी गिळलं असतं. रुचाचं नाही गिळता आलं.

रुचा माझी मुलगी. तेव्हा तिसरीत होती. इथल्या जपानी शाळेत तिला पहिलीला घातली तेव्हा तिला भाषा येत नव्हती, बाई म्हणाल्या, घरीही जपानी बोला. मी बोलले. खरं सांगायचं तर माझाही सराव होत होता. दोन वर्षांत ती इतकी तयार झाली की माझ्याशी मराठीत बोलायचीच थांबली. आईचं 'मामा' झालं. जपानी मुलं आईला मामाच म्हणतात, त्यात काही वावगं नाही. सुनीताने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, "आईला मामा म्हणती व्हय गं? मग मामाला काय, आत्या?" रुचा हसून हसून जमिनीवर लोळली. मला हसू आलं नाही.

शाळा तीनला सुटायची, मी घरी यायचे सातला. मधले चार तास रुचा सुनीताकडे. माझी सोय होती, मी नाही कशाला म्हणू? पण एकदा लवकर सुटले आणि खाली गेले, तर दाराबाहेरच पाय थबकले. आत रुचा बोलत होती. मराठीत. "मावशी, ऐक की. त्या पोराचं दूध सांडलं ना, तर बाईंनी मलाच पुसाय लावलं. मी म्हटलं, मी का म्हणून पुसू?" अशी पाच मिनिटं. शाळेतला झाडून सगळा दिवस. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा दात पडला, हिला कुठलं गाणं म्हणायला लावलं. यातलं मला एक अक्षर माहीत नव्हतं. मी बेल वाजवली, आणि आतलं मराठी नळ बंद करावा तसं बंद झालं. दार उघडून पोरगी मला म्हणाली, "मामा, ओकाएरी." म्हणजे, आलीस का. बस.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट पाहिजे होती. पोरीने मला आई म्हणावं, आणि तिचा दिवस मला सांगावा, मराठीत, असा, ऐक की म्हणत. मी घरात जपानी बंद केलं. दोन दिवस ती काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गृहपाठ तपासायचा होता, मलाच माघार घ्यावी लागली. खालून मात्र रोज हसण्याचा आवाज वर यायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात मुलांच्या मंडळाने डोंगरावरची सहल ठरवली. हास्सेन नावाची एक डोंगररांग आहे, तोक्योच्या वायव्येला, गाड्या बदलत अडीच तास. नकाशात शोधत बसू नका, तेवढी मोठी नाही. आठ शिखरं, आणि आठांना नावं चिनी पुराणकथांमधल्या आठ सिद्धांची. हे सिद्ध कधी मरत नाहीत, आपापल्या नादात हिंडत असतात. कुणी भिक्षू चीनला जाऊन आला आणि त्याने ही नावं ठेवली, अशी तिकडे समजूत आहे. आठांपैकी आम्हाला तीनच चढायची होती.

फॉर्म रुचाच्या दप्तरात सापडला. 'सोबत कोण येणार' या ओळीवर पेन्सिलने, तिच्या गोल हिरागाना अक्षरात लिहिलं होतं, सुनीता. शेजारी नात्याचा रकाना. त्यात लिहिलं होतं, 'घरची'.

मी त्या महिन्यात रविवार मागू नकोस म्हणून तिला सांगून ठेवलं होतं, हे खरं आहे. डिसेंबरात माझी पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, लेव्हलची परीक्षा होती. पण म्हणून पोरीने मला विचारायचंही नाही? मी खोडरबर घेतलं. जपानी खोडरबर, डाग म्हणून राहत नाही. सुनीता खोडलं, घरची खोडलं, आणि पेनने माझं नाव लिहिलं. नात्यात लिहिलं, आई.

मग खाली जाऊन सुनीताला म्हणाले, "अगं, रुचाने तुझं नाव द्यायचं म्हटलं होतं ना? ते नाही चालत. फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय, फक्त आई-वडील."

असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. कुणीही मोठं माणूस चालेल, असं लिहिलं होतं. पण सुनीताला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं.

ती म्हणाली, "व्हय का? असंल की ताई. मला काय कळतंय त्यातलं." मग म्हणाली, "बूट घेतले हुते मी. जुन्या बाजारातनं. राहू देत, घालीन कवातरी." तिने दाखवलेसुद्धा, कपाटातून काढून. डोंगर चढायचे बूट, जरा मोठे, पुढे कापूस कोंबलेला. मी म्हणाले, छान आहेत.

सहलीच्या रविवारी सकाळी स्टेशनवर गेलो तर ही आधीच हजर. रुचासाठी धपाट्यांचा डबा घेऊन आली होती, एवढंच द्यायला. पायात तेच बूट. "सवय व्हावी म्हणून घातले," म्हणाली. ओकुबो-साननी लांबून पाहिलं आणि हात हलवत आले. सुनीता-सान येत नाही? का? यादीत नाव असलं काय नि नसलं काय, मोठं माणूस कुणीही चालतं, चला, चला. एवढं सगळं ते जपानीत भरभर बोलले. सुनीताने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणत्यात, ताई?"

माझ्या शेजारी रुचा उभी होती. मी म्हणाले, "ते म्हणतात, आयत्या वेळी कुणी रद्द केलं, एक जागा रिकामी झालीय. ये तू."

रुचा माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या टोपीची दोरी बांधली.

पहिलं शिखर लोखंडी कुबडीवाल्या सिद्धाचं. याचं शरीर शिष्याने चुकून जाळून टाकलं, म्हणून तो एका लंगड्या भिकाऱ्याच्या देहात शिरला. ही गोष्ट ओकुबो-साननी सांगितली, मी मराठीत केली, आणि सुनीता रुचाला म्हणाली, "बघ, हितं पण जळणाऱ्या कचऱ्याचा घोळ झालाच." पोरगी खो खो हसली. दुसरं शिखर गाढवावर उलटा बसून फिरणाऱ्याचं. सुनीता म्हणाली, "आमच्याकडं असं उलटं बसवून गावातनं काढत्यात. ह्यानं काय चोरलं हुतं?" आता रुचाबरोबर आणखी दोन मुलं हसायला लागली, कारण रुचाने त्यांना जपानीत सांगितलं. ओकुबो-सानना पण तिनेच सांगितलं. मी भाषांतर करणारी, आणि भाषांतर करत होती माझी नऊ वर्षांची मुलगी, तेही न सांगता. वाक्य सुनीताचं, म्हणून हिला ते सगळ्यांपर्यंत पोचवायचं होतं. रुचाचा हात धरायला मी पुढे झाले तर त्या हातात आधीच धपाटं होतं, आणि दुसरा हात सुनीताच्या हातात.

फॉर्म माझ्या नावाचा होता. यादीत मी होते. आणि चालत होते मी एकटी, मागे, गाढवावरच्यासारखी.

तिसऱ्या शिखराची चढण सुरू झाली तेव्हा सुनीता मागे वळली. "ताई, ह्याचं नाव काय हो?"

मला बरं वाटलं. शेवटी विचारलं मला. मंडळाने दिलेला कागद मी काढला. त्यावर शिखरांची नावं होती, नुसती कानजीत, म्हणजे चिनी चित्राक्षरांत, उच्चार दिलेला नाही. या नावात तीन अक्षरं. पहिल्याचा अर्थ 'काय'. दुसऱ्याचा 'सिद्ध'. तिसऱ्याचा 'सासू'. पहिलं जरा विचित्र वाटलं, ते सोडून दिलं. तिसऱ्याची खात्री म्हणून इलेक्ट्रॉनिक डिक्शनरीतही पाहिलं. सासूच. तेव्हा हे मी मुद्दाम केलं असं कुणी म्हणू नये.

"सासूचं शिखर," मी म्हणाले. "सिद्ध झालेली सासू."

"आता काय म्हणावं," सुनीता म्हणाली. "हितवर आल्या." ती हसली, पण हसणं तोंडातच राहिलं. तो रविवार होता. संध्याकाळी फोन यायचाच होता. पुढची वीस मिनिटं ती खाली बघत पाय टाकत राहिली, आणि रुचा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मला आत कुठेतरी गार वाटलं. हेही सांगून टाकते, एकदा सांगायला बसलेच आहे तर.

वर एक लाकडी फळा होता. त्यावर या सिद्धाची गोष्ट लिहिलेली, आणि मुलांसाठी प्रत्येक कानजीच्या डोक्यावर उच्चार दिलेला. रुचा सगळ्यांच्या आधी पोचली आणि बोट ठेवून वाचायला लागली. मी मागून येऊन वाचलं. का सेन्को. 'काय' वाटलं ते अक्षर नव्हतंच प्रश्नाचं, ते तिचं आडनाव होतं. आणि जपानीत ज्याला सासू म्हणतात ते अक्षर चीनमध्ये बिनलग्नाच्या मुलीलाही लावतात. आठ सिद्धांमधली ही एकटी बाई.

रुचा वळली. सुनीता नुकतीच धापा टाकत वर आली होती, बुटाची नाडी बांधायला वाकली होती. रुचा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, सासू नाहीये ती. पोरगी आहे. तिनं लग्नपण नाही केलं. एक चमकणारा दगड असतो ना, तो कुटून खाल्ला आणि हलकी झाली. मग या डोंगरावरनं त्या डोंगरावर उडत जायची, आणि संध्याकाळी आईसाठी फळं घेऊन यायची. तू रडू नको." मग ती माझ्याकडे वळली. "आई, तू खोटं वाचतेस."

मी म्हणाले, "नाही गं राणी, त्या अक्षराचा अर्थ खरंच सासू होतो. हे बघ." मी डिक्शनरी उघडून तिच्यापुढे धरली. ती बघेचना.

"फॉर्मपण खोटा वाचलास. फक्त आई-बाबा, असं नव्हतं लिहिलेलं. मी मावशीचं नाव लिहिलं होतं, तू खोडलंस. आणि ओकुबो आजोबा म्हणाले सगळ्यांना चालतंय, तर तू म्हणालीस जागा रिकामी झाली."

एका दमात बोलली. सगळं मराठीत. एक शब्द कुठे अडला नाही. ओकुबो-सान थर्मासमधला चहा ओतत होते. त्यांना त्यातलं काही कळायचा प्रश्नच नव्हता. ते कौतुकाने मला म्हणाले, तुमची मुलगी तुमची भाषा किती सुंदर बोलते, तुम्ही घरी फार कष्ट घेतले असणार. मी वाकून त्यांचे आभार मानले.

सुनीता अजून नाडीवरच वाकलेली होती. नाडी केव्हाच बांधून झाली होती. मी वाट बघत होते, आता बोलेल, दोन शब्द सुनावेल. सुनावले असते तर फार बरं झालं असतं, मला तिला काहीतरी उलट बोलता आलं असतं. ती उठली, गुडघे झाडले, माझ्याकडे एकदा बघितलं.

"रुचा," ती म्हणाली, "आईला असं बोलायचं न्हाई. चुकत्यात मोठी माणसं पण. सॉरी म्हण."

मी तीन वेळा सांगितलं तरी टॉवेल न उचलणारी माझी पोरगी. तिने लगेच मान खाली घातली.

"सॉरी, आई."

ज्या शब्दासाठी मी इतके दिवस जीव टाकत होते तो त्या दुपारी मला दोनदा मिळाला. पहिल्यांदा सुनीताला कळावं म्हणून, आणि दुसऱ्यांदा सुनीताने सांगितलं म्हणून.